सुवर्णाकाकूचा काटा

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात शाळेची पिवळी बस चालवणारी मराठी बाई एकच, आणि ती वाळवा तालुक्याची. सुवर्णा गाडीवानाची पोर. बाप हंगामभर बैलगाडीनं कारखान्यावर ऊस वाहायचा, आणि ही दहाव्या वर्षापासून त्याच्या शेजारी गाडीवर. पुढं लग्न झालं, नवरा प्रल्हाद कॉम्प्युटरच्या नोकरीपायी अमेरिकेत आला, मागून ही आली. घरात बसून अंग आंबायला लागलं तसं तिनं बसचं लायसन काढलं. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. त्याला चौदा वर्षं झाली. बसला अजून ओरखडा नाही.

तिची हौस एकच, चाकावरचं घर. फिफ्थ व्हील म्हणतात तसला ट्रेलर, ज्याची मान पिकअप ट्रकच्या हौद्यात येऊन बसते. आत शेगडी, पलंग, संडास, सगळं. तो घेऊन डोंगरात जायचं नि चार दिवस कुणाचं तोंड बघायचं नाही. प्रल्हादनं दोन वर्षं टोलवाटोलवी केली आणि मग कबूल झाला, पण अट घालून. दारात आहे त्याच ट्रकला जमलं तर घेऊ, नाहीतर विषय कायमचा बंद.

निवड करायला प्रल्हादनं ऑफिसातल्या सुशांतला बरोबर घेतलं. हा कोथरूडचा. भाजी घ्यायची तरी आधी एक्सेल शीट करणारा. त्यानं शीटमधून तीस फुटी धूड निवडून ठेवलं होतं.

"काकू, ट्रकची टोइंग कपॅसिटी अकरा हजार पौंड, ट्रेलर आठ हजारांचा. तीन हजार शिल्लक. डन आहे."

ट्रेलरच्या आवारात उभ्या विकणाऱ्यानं मान डोलावली. प्रल्हाद तर आतल्या सोफ्यावर बसून पडद्याचा रंग ठरवायला लागला होता.

ट्रायलसाठी ट्रेलरची मान ट्रकवर टेकवली, आणि सुवर्णाचं लक्ष ट्रककडं गेलं. मागून तो बसला, नाक वर झालं. हे तिनं लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. ऊस मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, बैल वर टांगले जातात. पुढं जास्त भरला की धुरजड होते, सगळं ओझं बैलाच्या मानेवर येतं. बाप निघण्याआधी जू हातानं उचलून बघायचा, आणि उचलेना तर गाडी पुन्हा भरायचा. चार माणसं खोळंबली तरी.

"अहो, ह्यो ट्रक ओढंल," ती म्हणाली. "पर पेलायचा न्हाई."

सुशांत हसला. "काकू, बैल नाहीये हा. चारशे हॉर्सपॉवर आहे."

"घोडी चारशे असू देत की. पाठ एकच हाय."

तिनं ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर दाखवलं. ट्रक, आतली माणसं आणि हौद्यात बसेल ते वजन, सगळं मिळून सात हजार पौंडांच्या आत. तीन वर्षं ट्रक चालवून प्रल्हादनं ते पहिल्यांदा वाचलं. सुशांतचं म्हणणं, ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर चालतो. ती म्हणाली, चाकं चालतात, मान बसते. काट्यावर घाला.

हायवेपलीकडं मोठ्या ट्रकांचा वजनकाटा होता. जाताना प्रल्हादनं हळूच बजावलं, की ती आपल्याच हौसेच्या मुळावर उठली आहे. ते तिला ठाऊक होतं. तरी स्टिअरिंग तिच्याच हातात होतं. तिघं ट्रकात बसूनच, ट्रेलरसकट काट्यावर चढली, चिठ्ठी आली. ट्रेलरची चाकं सोडून नुसत्या ट्रकच्या चाकांवर भरलं सात हजार साडेचारशे पौंड. आणि ट्रेलरमध्ये अजून पाणी नाही, भांडं नाही, अंथरूण नाही.

प्रल्हादनं चिठ्ठीची घडी घातली. "झालं. विषय बंद."

"ह्या ट्रेलरचा बंद," सुवर्णा म्हणाली. "माझा न्हाई."

परत आल्यावर ती थेट आवाराच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक बुटका ट्रेलर उभा होता; 'लहान' म्हणून सुशांतनं तो शीटमधून उडवला होता. तिनं विकणाऱ्याला एकूण वजन विचारलंच नाही. मानेवर किती बसतं, तेवढंच विचारलं. त्याला कागद बघायला आत जावं लागलं. बाहेर आला तो तिला 'मॅम' म्हणतच.

तोच ट्रेलर घेतला. आठवड्यानं त्यात कुकर, कणकेचा डबा, गाद्या, टाकीभर पाणी असं सगळं भरलं आणि पुन्हा काटा गाठला. ट्रकात दोघंच. सुशांतला आपल्या गाडीनं मागून यायला सांगितलं होतं. त्याचं वजन त्यानंच वाहावं. चिठ्ठी आली, सहा हजार आठशे वीस.

उत्तरेकडच्या डोंगरात चढ लागला. वळणावर वळण, एका बाजूला दरी. सुवर्णानं गिअर खाली घेतला आणि गाडी एका लयीत वर काढली. पुढं एक भलंथोरलं धूड जोडलेला ट्रक धापा टाकत कडेला थांबला होता. प्रल्हादनं वळून त्याच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि तिला शेंगदाण्याचा लाडू दिला.

माथ्यावर सुशांत गाडीतून उतरला तो सरळ ट्रकच्या मागं जाऊन वाकला. चाक आणि पत्रा यांच्यामधली जागा त्यानं वितीनं मोजली.

"काकू, अख्ख्या घाटात एकदाही बसला नाही हा."

"बसंल कशाला? उचलून बघितलं हुतं."

आता मंडळात कुणी ट्रेलर घ्यायचं काढलं की सुशांत आपली शीट पाठवतो. तिच्यात पहिला रकाना त्यानं नवा घातलाय, 'मान'. आणि खाली सुवर्णाकाकूचा फोन नंबर.