मावशीच्या खोलीचा सर्व्हे

आमच्या गल्लीत माझं तोंड प्रसिद्ध होतं. नळावर कुणी मध्येच हंडा घुसवला की बायका मला हाक मारायच्या. रेशनवाला किडका तांदूळ माथी मारायला लागला की मलाच पुढे करायच्या. सासरे म्हणायचे, हिचं म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मला त्याचा अभिमानच वाटायचा. बारावी पास होते, बालवाडीत शिकवत होते, अर्ज लिहून घ्यायला अख्खी गल्ली माझ्या दारात यायची. त्याच तोंडाने मी एका बाईचं घर घालवलं, एकदा बोलून आणि एकदा गप्प बसून. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक आहे, पण तो विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती होती. आमच्या आणि मावशीच्या खोलीत एकच भिंत. मावशी नात्याची नव्हे. कोळीण, माहेर माहुलचं. नवरा इथल्या कारखान्यात कामाला म्हणून लग्न होऊन टेकडीवर आली. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, ती राहिली. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि दुपार कलेपर्यंत स्टेशनजवळच्या बाजारात पाटी मांडून बसायची. निघताना खोलीची चावी आमच्या खिडकीत ठेवून जायची, कारण ती नसताना तिची खोली आमची असायची. आम्ही पाच माणसं एका खोलीत. सासरे दुपारचे तिच्याकडे जाऊन आडवे व्हायचे. मुलगी दहावीला होती, ती तिथेच पुस्तकं मांडून बसायची. मावशीचं पाणी मी भरायचे, तिचा भात आमच्या कुकरात लागायचा, आणि संध्याकाळी आमच्या ताटात तिचे उरलेले बोंबील. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. गल्लीत सगळे असेच राहायचे, एवढ्याएवढ्याशा खोल्यांत दुसरं करणार काय!

वस्ती पाडून टॉवर होणार ही बातमी इतकी वर्षं ऐकत होतो की कुणी मनावर घेत नव्हतं. मग एका रविवारी बालवाडीच्या खोलीत एका संस्थेची माणसं आली. त्यांतली एक मुलगी फार गोड बोलायची. भिंतीवर मोठा कागद लावून तिने वर लिहिलं, सर्वसमावेशक पुनर्विकास. म्हणाली, इमारत तुमची आहे, तर तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगा. प्रत्येकाला एक पिवळी चिठ्ठी दिली. कुणी लिहिलं लिफ्ट, कुणी लिहिलं देऊळ, पोरांनी जिम लिहिलं. मावशीला लिहिता येत नव्हतं, तिची चिठ्ठी मी लिहिली. तिला खाली एक नळ आणि ओटा हवा होता, पाट्या धुवायला, म्हणजे लोकांच्या जिन्यात घाण पाणी जाणार नाही. ती चिठ्ठी वाचून त्या मुलीने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मावशी इतकी लाजली की पदर तोंडावर घेऊन बसली. घरी येताना मला म्हणाली, आपल्याला कोणी असा विचारला नव्हता गो कधी.

सर्व्हे त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आला. त्या आधीच वस्तीत एका शब्दाची दहशत पसरली होती: कुलूपबंद. सर्व्हेवाले आले तेव्हा दाराला कुलूप दिसलं की वहीत कुलूपबंद लिहितात, आणि ते एकदा लिहिलं की संपलं, पुढे चपला झिजवत बसा. म्हणून लोकांनी कामावर दांड्या मारल्या, गावाहून म्हातारी माणसं आणून दारात बसवली. आमच्या गल्लीची पाळी बुधवारी होती. बुधवारी मावशी घरी थांबली, दिवसभर दारात बसून राहिली, आणि कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी येतील कळलं, पण दुपारनंतर. एक दिवस धंदा बुडालेला, दुसरा कसा बुडवणार, म्हणून पहाटे ती धक्क्यावर गेली. जेवायच्या आत परत येते म्हणाली. आणि ते दहा वाजताच टपकले.

दोघं होते. एकाच्या हातात टॅबलेट, दुसऱ्याच्या हातात रंगाचा डबा, दारावर नंबर टाकायला. आमचं दार झालं. सासऱ्यांनी कागद दाखवले, अंगठा दिला, फोटो निघाला. मग ते मावशीच्या कुलपासमोर उभे राहिले. टॅबलेटवाला खाली बघून टाइप करायला लागला. मी धावत जाऊन खिडकीतली चावी आणली, दार उघडलं, म्हटलं, थांबा, बंद कुठेय, उघडीच असते ही खोली. बाई बाजारात गेलीय, येईल आता. नवऱ्याला फोन करून तिला बाजारातून बोलावून घेते म्हटलं, तर टॅबलेटवाला म्हणाला आम्हाला थांबायला वेळ नाही. इथे कोणी राहतं का, एवढंच सांगा.

आता एवढंच सांगायचं होतं, तर एवढंच सांगायला हवं होतं. मावशी राहते, बास. पण मला वाटलं, हा विश्वास ठेवत नाहीये, ह्याला वाटतंय खोली रिकामी पडलीय. म्हणून मी खोली भरलेली आहे हे सिद्ध करायला निघाले. म्हटलं, रिकामी कशी असेल हो! हे बघा आमचे सासरे रोज इथेच झोपतात, ही त्यांची खाट, ही त्यांची उशी. ही आमच्या मुलीची पुस्तकं, ती इथेच अभ्यास करते. मी एकेक वस्तू हात लावून दाखवली. त्याने खाटेचा फोटो काढला. दप्तराचा काढला. दोरीवर वाळत घातलेल्या सासऱ्यांच्या लेंग्याचा काढला. मावशी धंद्याच्या पाट्या बाहेर मोरीत ठेवायची, लुगडी पत्र्याच्या ट्रंकेत. त्यांचा फोटो कोण काढणार? मग त्याने माझी सही घेतली. मी ऐटीत केली, संपूर्ण नावानिशी.

मावशी आली तेव्हा मी तिला सांगितलं की तुझी खोली वाचवली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या बोटांना बर्फाचा गारवा होता.

यादी लागली तेव्हा पावसाळा संपला होता. देवळाच्या भिंतीवर कागद चिकटवले होते. आमच्या नंबरपुढे पात्र. मावशीच्या नंबरपुढे अपात्र, आणि बाजूला कारण: मूळ झोपडीधारक वास्तव्यास नाही, खोली शेजारील कुटुंबाच्या वापरात. मी ते तीनदा वाचलं. मावशी माझ्या मागे उभी होती, विचारत होती काय लिवलंय गो. मी म्हटलं, चूक झालीय त्यांची, दुरुस्त करून घेऊ. त्यांची चूक! माझी जीभ तेव्हाही मलाच वाचवत होती.

अपिलाची मुदत होती. वस्तीतली अशी कामं करून देणारा एक माणूस होता, वकील नव्हता पण कोट घालायचा. त्याने झोपडीचा सरकारी फोटोपास, लाइट बिलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असं सगळं लावलं आणि म्हणाला, कागद पक्के आहेत, अडचण ह्या बाईच्या सहीची आहे. ह्या बाई म्हणजे मी. त्यावर त्याच्याकडे तोड होती. मावशीने सुनावणीत सांगायचं की शेजारणीने माझ्या परवानगीशिवाय दार उघडलं, खोली बळकवायचा तिचा डाव आहे. नाहीतर मी स्वतः उठून सांगायचं की साहेब, मी चुकीचं बोलले, म्हातारा फक्त दुपारी पडायला जातो, बाकी खोलीत हीच राहते. दोन्हींतलं एक झालं तरी काम होईल म्हणाला.

मी लगेच म्हटलं, मी सांगते. खरंच मनापासून म्हटलं. पण त्या संध्याकाळी तोच माणूस आमच्याकडे परत आला, दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाला, एक गोष्ट मावशीसमोर बोललो नाही. तुमची खोली म्हाताऱ्याच्या नावावर आहे. म्हातारा दुसरीकडे झोपतो हे तुमच्या बायकोने सही करून दिलंय, ते अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. ती साहेबासमोर उभी राहून पुन्हा तेच बोलली, तर तो तुमची फाइल मागवेल. मग तुमचीही वाट लागली म्हणून समजा.

तो गेल्यावर सासरे खाली मान घालून बसले. नवरा एवढंच म्हणाला, दोन पोरं आहेत आपल्याला. मी त्याच्यावर भडकले, नाही नाही ते बोलले, पण भडकताना मला आतून कळत होतं की मी त्याचंच ऐकणार आहे. भिंतीपलीकडे मावशी जागी होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिला किती ऐकू आलं, मला माहीत नाही.

सुनावणीच्या कचेरीत आम्ही तीन तास बाकावर बसलो. मावशीने हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोली. आत गेल्यावर साहेबाने फाइल चाळली, वाईट माणूस नव्हता, तिला बसायला खुर्ची दिली. विचारलं, ह्या बाईने तुमची खोली तुम्हाला न विचारता उघडली का? कोटवाला मागून खाकरला. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबाकडे.

"नाय साहेब. चावी मीच देते तिला. पोरीसारखी हाय ती माझी. तिला मी चोर कशी म्हणू?"

साहेबाने ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मी नळावर भांडणारी, रेशनवाल्याची गचांडी धरणारी बाई. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी येताना रिक्षात मनात घोकलंसुद्धा होतं, म्हणजे गप्प बसायचं अगदीच ठरवून आले नव्हते असं स्वतःला सांगायला जागा राहिली. मी म्हटलं, "नाही साहेब." त्याने पेनाचं टोपण लावलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील.

अपील फेटाळलं. बुलडोझर यायच्या आदल्या आठवड्यात मावशी माहुलला भावाकडे निघून गेली. तिथे रिफायनरीच्या वासाने डोकं उठतं, रात्री खोकला येतो, भावजय बोलत नाही, हे सगळं मला बाजारात इतर कोळणींकडून कळायचं. मावशीची पाटी असायची त्या रांगेतून जाणं मी सोडलं होतं. मासे पलीकडच्या गेटवरून घ्यायचे. आम्ही चार वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. सासरे त्याच खोलीत वारले. ज्यांच्या नावाची खोली जपायला मी गप्प बसले, त्यांनी नव्या घराचा उंबरठाही पाहिला नाही.

टॉवर झाला. अकराव्या मजल्यावर आमचं घर आहे, पवईच्या बाजूचे डोंगर दिसतात. उद्घाटनाला ती गोड मुलगी आली होती, आता मोठ्या पदावर आहे म्हणे. तळमजल्यावर पाट्या धुवायचा ओटा आहे, पांढऱ्या टाइल्स, दोन नळ. तिने फीत कापताना सांगितलं की ही कल्पना इथल्याच एका मासेविक्रेत्या ताईंची. आमच्या इमारतीत पाटी घेऊन बसणारं आता कुणी नाही. ओट्यावर लोक कार धुवायच्या बादल्या ठेवतात.

मावशी गेल्या मार्गशीर्षात आली, न कळवता. मुलीचं लग्न ठरल्याचं बाजारात ऐकलं म्हणून. हातात खणाची पिशवी. बरीच वाळली होती, जिना चढल्यासारखी धापा टाकत होती, आली होती लिफ्टने. मी तिला सगळं घर दाखवलं, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचेना. हे किचन, हा संडास घरातच, ही मुलीची खोली. ती प्रत्येक दारात थांबून चांगला हाय, चांगला हाय म्हणत होती, आणि तिला खरंच आनंद वाटत होता, तेच मला सहन होईना. मुलीच्या हातात खण देऊन तिने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

मुलगी आत गेल्यावर ती खुर्चीवर न बसता खाली फरशीवर बसली. मी चहा पुढे ठेवला. तिने बशीत ओतला, फुंकला, अर्धा प्यायली. मग बशी खाली ठेवून, आवाज न चढवता, भाव विचारावा तसं तिने विचारलं.

"मी नाय बोलले, ती माझी मर्जी. पन तू का नाय बोललीस गो?"

इतकी वर्षं मी ह्या प्रश्नाची उत्तरं तयार करत होते. पोरं होती, सासरे होते, त्या कोटवाल्याने घाबरवलं होतं. सगळी खरी होती. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. ती वाट बघत बसली, माझ्या तोंडाकडे बघत. मग तिने उरलेला चहा संपवला, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले.