मेडिक कोण होणार?

आखातातल्या सोहारला आलो तेव्हा माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा होता, म्हणजे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. तो पोलादाच्या कारखान्यात इंजिनीअर. रात्रपाळी करून आला की दिवसभर झोपायचा. मुलगी शाळेत. मिक्सर लावायची चोरी, टीव्हीची चोरी. मग मी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर लढाईचा एक ऑनलाइन गेम खेळायला लागले.

सहा-सहा जणांच्या दोन टीम. सगळे अनोळखी. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं काम निवडायचं: कुणी पुढे घुसणारा, कुणी लांबून नेम धरणारा, आणि एक मेडिक, पडलेल्यांना पट्टी बांधून उठवणारा. मेडिक व्हायला कुणी तयार नसायचं. पाच जणांचं निवडून झालं की उरलेलं काम मी घ्यायची. उरलेलं घ्यायची सवय होतीच.

एकदा मुलगी शाळेतून लवकर आली आणि मागे उभी राहून बघत होती.

"आई, तू कोणाला किल नाही करत?"

"नाही गं."

"मग तू काय करते?"

"पडलेल्यांना उठवते."

"सो बोरिंग," म्हणाली आणि दप्तर टाकून आत गेली.

खरंच कंटाळवाणं होतं. स्क्रीनवर सारखं 'मेडिक! मेडिक!' उमटायचं. उठवलेला माणूस मागे वळूनही न बघता पुन्हा मरायला धावायचा. त्यातल्या त्यात एकजण बरा. रोज सकाळी असायचा, रोमन लिपीत हिंदी लिहायचा, मी कुणाला उठवत असले की माझ्या पाठीशी शत्रूवर बंदूक रोखून उभा राहायचा. मी बाई आहे हे त्याला माहीत नव्हतं. 'डॉक्टर भाई' म्हणायचा.

त्या दिवशी मुलीच्या तापामुळे मी दोन रात्री जागी होते. सकाळी तिला कशीबशी झोप लागली, नवराही कामावरून येऊन आडवा झाला. मी गेम उघडला आणि मेडिकऐवजी सरळ बंदूक घेतली. पाच मिनिटांत आमची टीम कोसळली. शिव्यांवर शिव्या आल्या. मी हात कीबोर्डवर ठेवून नुसती बसून राहिले.

मग त्याने विचारलं, "डॉक्टर भाई, आज क्या हुआ?"

मी लिहिलं, "थक गयी हूं."

'गयी' लिहून गेले आणि मग लक्षात आलं. त्याचं उत्तर आलं, "ठीक है दीदी. आज मेडिक मैं."

पुढचा डाव सुरू झाला. त्याला ते काम अजिबात जमत नव्हतं. धडधाकट माणसाला पट्ट्या बांधायचा, स्वतः शत्रूच्या गोळ्या खायचा. मी पडले तेव्हा मात्र अख्खं मैदान ओलांडून आला, मला उठवलं आणि तिथेच मेला. आम्ही सपाटून हरलो. मी हेडफोन काढले, तर गाल ओले होते.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, चहा टाकतेस का?"

"आज तुम्हीच टाका. मलाही द्या," मी म्हणाले.

तो डोळे चोळत बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि गॅसकडे गेला. साखर फार घातली होती. मी पूर्ण कप प्यायले आणि मुलीशेजारी जाऊन झोपले.