घंटेतला आयसी आणि बिवलकर सरांची चूक

श्रीधर बिवलकर सरांची आणि माझी ओळख वाशीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात झाली. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. मी तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो आणि मासिकात छापलेली सर्किटं घरी जोडून बघण्याचा मला नाद होता. त्या दिवशी मला हवा असलेला आयसी, म्हणजे चौदा पायांचा तो काळा तुकडा, दुकानात नव्हता. दुकानदार दुसराच पुढे करून म्हणाला, "ये ले जाओ, सेम है." शेजारी कंपनीच्या खाकी शर्टातले एक गृहस्थ उभे होते, डोळे जागरणाने तांबारलेले. ते मला म्हणाले, "कुठे बसवणार आहात? ते कळल्याशिवाय सेम काय नि वेगळं काय?"

मला राग आला. पण त्यांनी काउंटरवरच सर्किट पसरायला लावलं आणि तो आयसी माझ्या कामाचा का नाही ते सांगितलं. मग म्हणाले, "रविवारी सकाळी या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात. आम्ही पाच-सहा जण बसतो."

सर तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. शिफ्ट ड्युटी, त्यात आठवड्यातून दोनदा ओव्हरटाइम. तरी रविवारी नऊला ते ऑफिस उघडून बसलेले असत. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. कोणता आयसी मिळाला नाही तर कोणता चालतो, कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असे. तेव्हा नवी मुंबईत बसून माहितीपत्रकं मिळवणं सोपं नव्हतं. ही वही त्यांनी कुणालाही उतरवून घेऊ दिली.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी सरांना भेटलो. ते म्हणाले, "जाधव, स्तुती आवरा. तुमच्या वडिलांचं लिहिणार असाल तर लिहा." म्हणून तेच लिहितो आहे.

माझे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. साताऱ्याहून आले आणि आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. त्र्याण्णव साली त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत, पण साध्या घंटेचं बटण दाबण्याइतका जोर त्यांत नव्हता. आई दिवसभर कॉटजवळ बसून राहायची. भाजी आणायला खाली उतरायची तरी धावत परत यायची.

मी बोट नुसतं टेकलं की वाजेल अशी घंटा करायची ठरवली. सर्किट मासिकात होतंच. त्याला लागणारा आयसी मात्र वाशीत मिळेना, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही त्या आठवड्यात नव्हता. सर मला बस स्टॉपवर भेटले. कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं, शटडाउनचं काम चाललेलं, तीन दिवस ते धड घरी गेले नव्हते. मी दुसरा एक नंबर सांगून विचारलं, "हा चालेल का?" सर म्हणाले, "पाय सारखेच आहेत. चालेल, बसवा."

मी बसवला. बोट टेकलं की घंटा वाजली. वडिलांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवसापासून ती आपोआप वाजू लागली. पंखा लावला की वाजे, शेजारी मिक्सर फिरला की वाजे. आई दरवेळी उठून कॉटशी जायची. दोन दिवस तिने काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बॅटरीची वायर उपसली आणि जमिनीवरच आडवी झाली. तिला गाढ झोप लागली. त्या वेळात वडिलांनी बोलवायचा प्रयत्न केला असणार. घंटा वाजली नाही, म्हणून त्यांनी स्वतः कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि ते कॉटवरून खाली पडले. आई जागी झाली तेव्हा ते फरशीवर होते, कपाळ फुटलेलं, डोळे टक्क उघडे.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून सरांना फोन केला. रागाने नव्हे, कुणाला तरी सांगायला हवं होतं. संध्याकाळी सर तळोज्याहून थेट आमच्या घरी आले. बूट दाराशी काढून ते आईसमोर खाली बसले. म्हणाले, "आई, चूक माझी आहे. मी त्या आयसीचे पाय बघितले, त्याचं काम बघितलं नाही."

आई म्हणाली, "तुमचं कशाला सर? मीच डोळा लावला."

"तुम्ही झोपलात यात काही चुकलं नाही. उगाच वाजणारी घंटा कुणीही बंद करील."

वडील पडल्यापासून आई रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

मग सरांनी मला समजावलं. बोटाचा सिग्नल दुबळा असतो, कापत कापत वर चढतो. मूळ आयसी एकदा 'हो' म्हणाला की सिग्नल बराच खाली येईपर्यंत 'हो'वरच टिकतो. मी बसवलेल्याला ते जमत नव्हतं. सिग्नल काठावर असताना पंख्या-मिक्सरच्या जराशा गडबडीनेही तो हो-नाही करत राही. मी विचारलं, "मग चौऱ्याहत्तर मालिकेतला आयसी घेऊ का? त्यात असा 'हो'वर टिकून राहणारा मिळतो." सर म्हणाले, "त्याच्या पायांची मांडणी वेगळी, आणि त्याला इनपुटलाच इतका करंट लागतो की बोटाच्या स्पर्शाने भागायचं नाही. इथे पर्याय नाही, जाधव. कधीकधी नसतो."

दुसऱ्या दिवशी ते मूळ आयसी घेऊनच आले. कुठे मिळाला ते सांगेनात. पुढे बिवलकरवहिनींकडून कळलं. सरांनी घरच्या पाण्याच्या टाकीला गजर केला होता, त्यातून तो काढला होता. वहिनी हसून म्हणाल्या, "महिनाभर मी चार जिने चढून टाकी बघत होते. विचारलं तर म्हणाले, सध्या बिघडलाय."

सरांनी आयसी बसवला, बोट टेकायच्या प्लेटची वायर आखूड केली, पंखा लावला, शेजारच्यांना मिक्सर फिरवायला सांगितला. घंटा गप्प. मग ते आईला म्हणाले, "आता तुम्ही आत जाऊन झोपा. मी बसतो." रजा टाकून ते दुपारभर वडिलांजवळ बसले. चारच्या सुमारास वडिलांनी बोट टेकलं. सरांनी वाकून विचारलं, "पाणी?" वडिलांनी मान हलवली नाही. पुन्हा बोट टेकलं, पुन्हा टेकलं. त्यांना काही नको होतं. ते नुसती हाक मारून बघत होते.

वडील त्यानंतर सव्वा वर्ष जगले. त्या सव्वा वर्षात आई बाजारात जाऊ लागली, देवळात जाऊ लागली.

सरांनी त्या रविवारी वहीत तो नंबर लिहून पुढे लिहिलं, 'स्पर्श-घंटेत चालत नाही. माझा सल्ला चुकला,' आणि खाली सही केली. ते पान आमच्यापैकी प्रत्येकाने उतरवून घेतलं आहे.

आता सर साठ वर्षांचे झाले. कारखान्याने मुदतीआधीच निवृत्ती दिली, गुडघे दुखतात, आमच्या रविवारच्या मंडळात आता तिघेच येतो आणि तेही दमूनच येतो. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांचा इलाज त्यांनी आणखी पुढे ढकलू नये. आणि पुढच्या वर्षांतले निदान काही रविवार त्यांनी घरी पडून काढावेत. आम्ही आपसांत कसंबसं निभावून नेऊ, आणि अडलं तर सोमवारी विचारू.