कोंबडी, भासरे आणि फवारणीचा पंप

मारामारीच्या खेळात मी कोंबडी असते.

खेळ माझ्या मुलीच्या, जयाच्या, मोबाइलवरचा. हवेत फळ्या तरंगतात, त्यांवर दोघांनी लढायचं. खाली पडलं की एक जीव गेला. जीव तीनच. लढायला राक्षस आहे, पैलवान आहे, तलवारवाली आहे आणि ही कोंबडी! तिला कुणी घेत नाही. तिनं टोचलं तर समोरच्याला गुदगुल्या होतात, आणि नुसती फुंकर बसली तरी ती उडून फळीपलीकडे. पण पंख फडफडवत परत येते. मार खायचा आणि पुन्हा फळीवर यायचं, एवढंच तिचं कसब. (मला शिकायला वेळ लागला नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती.) समोरचा चिडतो, धावून येतो आणि स्वतःच खाली जातो.

त्या साली बीटी कपाशी लावली, बोंडअळी येणार नाही म्हणून. सगळ्यांत आधी बोंडअळीच आली! फवारण्यांवर फवारण्या. आमचा पंप गळका; औषध आधी नवऱ्याच्या पाठीवर, मग कपाशीवर. पाठ सोलून निघाली होती. अशात गावातल्या बियाण्याच्या दुकानदारानं गिऱ्हाईक गोळा करायला याच खेळाची स्पर्धा ठेवली. बक्षीस, बॅटरीचा नवा पंप!

"आई, तुहं नाव देऊन आली," जया म्हणाली.

"काऊन वं? मले चार लोकांसमोर पाणी पेता येत नाही!"

"तिथं बोलाचं थोडीच हाये? बाबाची पाठ पाह्यली ना?"

पाहिली होती. गेले.

दुकानात तोच खेळ टीव्हीवर लावलेला; समोर खुर्ची, हातात वायरवालं रिमोट. कोंबडी पाहून पोरं खिदळली. मग राक्षस पडला. पैलवान पडला. "कोंबडी नाही बे, घार हाये काकूची!" कुणीतरी ओरडलं. मी मान वर केली नाही, पण कानाला बरं वाटलं.

शेवटच्या लढतीला समोर भासऱ्यांचा (नवऱ्याच्या मोठ्या भावाचा) गजानन, तलवारवाली घेऊन. त्यांच्या घरी असे पंप दोन आहेत. खेळता खेळता त्याचा एकच जीव उरला. माझे तिन्ही शाबूत. आणि भासरे दुकानात आले.

माझा हात आपोआप डोक्यावर पदर घ्यायला गेला. कोंबडी खाली!

"आई, पदर सोड!"

दुसऱ्या जिवात ध्यानात आलं, आपण भासऱ्यांसमोर खुर्चीवर बसलोय! झटकन जमिनीवर बसले. वायर आखूड, रिमोट हातातून सुटलं. कोंबडी पुन्हा खाली!

भासरे भला माणूस. माझ्याशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून जयाला म्हणाले, "तुह्या मायले सांग, आरामात खेळ म्हणा. मी इकडे बसतो." आणि बसले ते टीव्हीला लागून! आता टीव्हीकडे पाहणं म्हणजे भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहणं. मी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत खेळले.

"आई, उजवीकडे! अवं उजवीकडे! आता... जाऊ दे."

पंप गजाननला मिळाला. "काकू, लय भारी खेळल्या," तो म्हणाला. पोराची काहीच चूक नव्हती, म्हणून जास्त राग आला.

घराशी आल्यावर जया म्हणाली, "मोठ्या बाबाची मर्यादा मोठी, का बाबाची पाठ?"

मी कुलूप उघडत राहिले. कुलूप उघडून झालं, तरी उघडत राहिले.

भासऱ्यांनी मात्र गावभर सांगितलं, "अशी मर्यादेची बाई पाह्याले भेटत नाही!" खूश होऊन त्यांनी आपल्या फवारणीचं काम माझ्या नवऱ्यालाच दिलं, मजुरीनं. आता तो सकाळी त्यांच्या कपाशीवर नव्या पंपानं फवारतो आणि दुपारून आमच्या कपाशीवर गळक्या पंपानं. पाठ निम्मी सुकली आहे.

तेवढी निम्मी पाठ मी जिंकून आणली!