कपाटाची पाठ

साठी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी गल्लीत त्याला सगळे धाकटा म्हणूनच ओळखत. याला कारण थोरला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा थोरला भाऊ गणिताचा मास्तर होता, आणि मास्तरांचा धाकटा असणं ही धाकट्याची जन्मभराची नोकरी. पगाराची नोकरी त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत केली, नळांचे नकाशे काढत. "अक्कल वाटायच्या वेळी दादा पुढे उभा होता, माझ्यापर्यंत पेन्सिल तेवढी पोचली," असं तो स्वतःच सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने टेबलावर मावेल असं एक लेझर यंत्र घेतलं. कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि पातळ लाकडी शीट आत ठेवायचं, की यंत्राचा किरण ते रेघेबरहुकूम कापून देतो. पहिल्या वर्षात त्याने एवढ्या किल्ल्यांच्या साखळ्या आणि कपाखाली ठेवायच्या चकत्या कापल्या की तो पिशवी घेऊन येताना दिसला की नातेवाईक आतून कडी लावू लागले. आपली कला लोकांना पचत नाही, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, पचायचं राहू दे, ठेवायला जागा नाही.

दर रविवारी सकाळी मात्र तो पिशवीशिवाय थोरल्याकडे जायचा, बुद्धिबळ खेळायला. लग्नाआधीपासूनचा हा नेम, आणि लग्नाआधीपासून धाकटा हरत आलेला. गेल्या वर्षी काय झालं कोण जाणे, तो जिंकू लागला. एकदा जिंकला तेव्हा योगायोग वाटला. मग जिंकतच गेला. दाढी करणाऱ्याला त्याने डाव समजावून सांगितले, दूधवाल्याला सांगितले. म्हातारपणी अक्कलदाढ आली म्हणून आरशात जबडासुद्धा पाहिला.

मग एका रविवारी थोरल्याने पांढऱ्या घरातला आपला उंट उचलला आणि काळ्या घरात ठेवला. उंट तिरका चालतो आणि मरेपर्यंत रंग बदलत नाही, हे धाकट्याला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं ते थोरल्यानेच. मास्तरांची चूक पकडायची संधी आयुष्यात पहिल्यांदा आली होती. धाकट्याने चक्क टाळी वाजवली आणि म्हणाला, "दादा, तुझा उंट घर चुकला."

थोरल्याचा हात उंट परत घ्यायला गेला तो भलतीकडेच, आणि हत्ती आडवा झाला. तेव्हा धाकट्याने वर पाहिलं. थोरला पटाकडे बघत नव्हता, पटाच्या कडेला कुठेतरी बघत होता. मग "कंटाळा आला या खेळाचा" एवढंच म्हणून त्याने सोंगट्या चाचपत डब्यात भरल्या.

दाराशी वहिनीने हळूच सांगितलं. दोन्ही डोळ्यांना मधलं दिसेनासं झालंय, कडेचं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात गेलं ते येणार नाही. कोणाला सांगायचं नाही अशी यांची ताकीद आहे. त्यानंतरच्या रविवारी धाकटा गेला तर थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही तसाच. दाढी वाढत चालली होती, आणि जागा असून झोपल्याचं सोंग चालू होतं.

धाकट्याला फार लाज वाटली. वर्षभराचे सगळे विजय त्याने अशा माणसावर मिळवले होते ज्याला सोंगट्याच दिसत नव्हत्या, आणि वर टाळीही वाजवली होती. लाजेच्या खाली भीती होती. दादा दोन गल्ल्यांवर असूनही हातातून चालला होता.

म्हणून त्याने बोटांनी खेळायचा पट करायचं ठरवलं. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच. प्रत्येक घरात एक खाच, प्रत्येक सोंगटीच्या तळाला एक जीभ, ती खाचेत घट्ट बसणार. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बोटाला लागेल असं टिंब. आकृती त्याने झकास काढली, आयुष्यभर तेवढंच तर केलं होतं. अडचण एकच होती. थोरला मानी माणूस. चाचपताना एक सोंगटी जरी कलंडली तरी तो पट बाजूला सारील आणि पुन्हा हात लावणार नाही. म्हणजे जीभ आणि खाच यांचा मेळ तंतोतंत हवा, आणि त्यासाठी शीट सगळीकडे सारख्या जाडीचं हवं, तीन मिलिमीटर. एवढी साधी वस्तू बाजारात कुठेही मिळेल असं त्याला वाटलं होतं.

भावासाठी करायचं तर उत्तमच घ्यावं म्हणून प्लायवाल्याकडे त्याने सगळ्यात भारी प्लाय मागितला. प्लायवाला म्हणाला, हा घ्या, उकळत्या पाण्यात टाकला तरी थर सुटणार नाहीत. धाकट्याने ऐटीत तो खांद्यावरून घरी आणला. किरणाने वरचा पापुद्रा जाळला, आतल्या डिंकापर्यंत पोचला आणि तिथेच अडला. खोलीभर धूर झाला, शेजारी काय जळतंय म्हणून विचारून गेले. पाण्याला न जुमानणारा डिंक आगीलाही दाद देत नाही, हे पाणीखात्यात जन्म काढलेल्या माणसाला शीट कोळसा झाल्यावर समजलं.

मग तो फोटोच्या चौकटी करणाऱ्याकडे गेला. तसबिरीच्या मागे लावायचं त्याचं शीट सुरेख कापलं जायचं, पण होडीसारखं वाकलेलं होतं. वजन ठेवून पाहिलं, गादीखाली घालून त्यावर झोपून पाहिलं. शीट वाकडंच राहिलं आणि धाकट्याची कंबर धरली.

शेवटी तो जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात घालून मोठ्या बाजारात उतरला. जिथे तिथे तीन एमएमचं शीट मागायचा आणि चारही कोपऱ्यांना व्हर्नियर लावायचा. कुठे अडीच भरे, कुठे सव्वातीन, तर एका शीटचं एक टोक दुसऱ्याला ओळख देईना. त्याची मोजमापं पाहून दुकानदार आपसात कुजबुजू लागले. एकाने तर सरकारी तपासनीस समजून खुर्ची दिली, थंड मागवलं. धाकट्याने खुलासा केला नाही, थंड मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. ग्लास रिकामा झाल्यावर दुकानदार काकुळतीने म्हणाला, "साहेब, तीन हे त्याचं नाव आहे हो. नावाप्रमाणे कोण वागतं?"

त्याच्याच भिडेखातर घेतलेलं अडीचचं शीट त्याने तीनच्या खाचा ठेवूनच कापलं. आकृती पुन्हा काढायचा आळस, दुसरं काय. घोडा खाचेत उभा केला तर प्यायल्यासारखा डुलायला लागला. वैतागून धाकट्याने टेबलावर हात आपटला आणि एक प्यादं उडून कपाटामागे पडलं.

ते काढायला त्याने कपाट आणि भिंतीच्या फटीत हात घातला. प्यादं लागलं नाही, पण कपाटाची पाठ हाताला लागली. गुळगुळीत, सपाट, कोरडी. श्वास रोखून त्याने कडेला व्हर्नियर लावला. तीन. खालच्या कोपऱ्यात तीन. स्टुलावर चढून वर लावला, तिथेही तीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कंबर धरेपर्यंत. मग त्याने खिळे उपटले.

बायकोने कपाट उघडलं तेव्हा कपड्यांच्या मागे खोलीची भिंत दिसत होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या कपाटाची पाठ कुठे गेली?"

त्याने सगळं सांगितलं. दादाचे डोळे, उंट, टाळी, सगळं. ऐकता ऐकता ती पलंगावर टेकली. मग तिने एकच विचारलं, की पाठ तर तुमच्या कपाटालाही आहे, माझीच का काढली? त्याला कबूल करावं लागलं, की खिळे उपटण्याआधी आपल्या कपाटाची पाठही त्याने मोजली होती आणि ती अडीचच भरली. एवढ्यात पाठ नसलेलं कपाट करकरत एका अंगाला कललं आणि दोन्ही दारं उघडी पडली. कपाट पाठीच्याच जोरावर ताठ उभं राहतं, हा शोधही त्याला आजच लागला. बायकोने दारं ओढणीने बांधली. "आधी दादांचं करा, मग या माझ्याकडे," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तो पट घेऊन गेला. वहिनीने थोरल्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं होतं. यंत्राचं नवं काम आहे, चुका काढून दे, असं म्हणून धाकट्याने पट पुढे ठेवला. चुका काढायचं म्हटल्यावर मास्तरांचा हात आपोआप पुढे आला. बोटं घरांवरून चढत उतरत गेली. सोंगट्यांना त्यांनी आडवं ढकलून पाहिलं. एकही हलली नाही. मग एका सोंगटीच्या डोक्यावर ती थांबली.

"काळ्यांना टिंब आहे," थोरला म्हणाला.

"हो."

"दया म्हणून खेळणार असशील तर उचल हे सगळं."

धाकटा म्हणाला, "दया करायला खेळ तरी यायला हवा, दादा."

थोरला हसला नाही. पण त्याने राजापुढचं प्यादं चाचपलं आणि दोन घरं पुढे रोवलं. डाव सावकाश चालला. प्रत्येक खेळीआधी बोटं सगळा पट फिरून यायची, आणि तोवर धाकटा श्वास धरून बसायचा. सोंगट्या ढळल्या नाहीत. डाव रंगात आला असताना थोरल्याची बोटं धाकट्याच्या वजिरापाशी थबकली. मागे आपल्या घोड्यापर्यंत गेली, घरं मोजून परत वजिरावर आली, आणि त्याचा चेहरा कठोर झाला.

"हा वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात ठेवलायस. मुद्दाम?"

"कुठे?" धाकट्याने घाईघाईने चष्मा लावला आणि पटावर नाक टेकेल इतका वाकला. पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "नाही रे दादा. दिसलाच नाही मला."

थोरल्याने त्या शब्दांना कान दिला. या आवाजातलं खोटं त्याला धाकटा बोलायला लागल्यापासून ओळखू यायचं. खात्री झाल्यावर त्याने वजीर खाचेतून उपटला.

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.