बदामाच्या दुधावरचं रेडकू

श्रीनाथमामाचा आवाज काढायचा तर आधी खांदे मागे टाकायचे, मग नाक किंचित वर धरायचं आणि प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू करायचं. "मुळात काय आहे मेघाली, जगात माणूस हा एकच प्राणी आहे, जो मोठा झाल्यावरही दूध पितो. आणि तेही दुसऱ्याच्या आईचं!" एवढं जमलं की मामा हुबेहूब येतो. मामी आतून ओरडते, "अहो, ऐकलं हो, कालच ऐकलं," आणि बाहेर येऊन बघते तर मी.

हे 'मुळात' तसं नवीन आहे. आधीचा मामा दुधाचा भक्त होता. भिवंडीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो हेडक्लार्क आहे. आम्ही धामणकर नाक्याजवळ एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, तो खाली आणि आम्ही वर. पूर्वी सकाळी सगळी बिल्डिंग झोपलेली असताना मामा किटली घेऊन तबेल्यात हजर असायचा. पिशवीच्या दुधाला तो 'पांढरं पाणी' म्हणायचा. समोर धार काढून घ्यायची, फेस बसेपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि तबेलेवाल्या चाचाच्या हाताकडे चोरावर ठेवावी तशी नजर ठेवायची, ही त्याची पद्धत. कुणाची म्हैस व्यायली की खरवस पहिला मामाकडे. सायीचा डबा फ्रीजमध्ये त्याच्या नावाने वेगळा. मामी म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय, पण संसार म्हशीशी चाललाय."

मग जिना आला. म्हणजे जिना होताच, पण मामाला तो अचानक दिसायला लागला. वर आमच्याकडे यायचं तर मधल्या वळणावर थांबून भिंतीवरची 'थुंकू नये'ची पाटी वाचत उभा राहायचा. रोज तीच पाटी. शेवटी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून साय, तूप, लोणी सगळं बंद केलं आणि चालायला सांगितलं.

मामा कानात हेडफोन घालून वऱ्हाळा तलावाला फेऱ्या मारायला लागला. हेडफोनमध्ये कुणीतरी गोड आवाजाचा माणूस त्याला आरोग्य सांगायचा. पोट गेलं, गुडघे बोलायचे थांबले, आणि पाटी न वाचता मामा थेट आमच्या दारात यायला लागला, तोही दंड दाखवत. "बघ, बघ, दाबून बघ!" दाबलं की खरंच काहीतरी कडक लागायचं. इथेच थांबला असता तर बिल्डिंगने त्याचा सत्कार केला असता.

पण गोड आवाजाचा माणूस आरोग्यावरून प्राण्यांवर गेला, आणि मामा त्याच्या मागोमाग. मामीच्या चहापुरतं दूध आणायला तो अजून तबेल्यात जात होता. एक दिवस त्याने पहिल्यांदाच फेसाकडे न बघता म्हशीच्या मागे बघितलं. एक रेडकू दोर ताणून आईकडे तोंड करून उभं होतं, आणि दोर बरोबर आईच्या अलीकडे संपत होता. मामा रिकामी किटली घेऊन घरी आला. त्या दिवसापासून दूध बंद. मग दही, ताक, पेढे, मध. मग चामड्याची चप्पल. मग चामड्याचा पट्टा. वजन उतरल्यामुळे पँट तशीच सुटत होती, त्यात पट्टा गेला. शेजारच्या लूमवरून सुती पट्टी आणून मामीने ती शिवून दिली. ऑफिसात फाईल काढायला मामा वाकला की सगळा स्टाफ श्वास रोखायचा.

नातेवाईक म्हणाले, "अरे, आपण शाकाहारीच ना? आणखी किती शाकाहारी व्हायचं?" मामीने मात्र सीमा आखून दिली. "माझा चहा माझा. तुमच्या आत्म्याची धुणी माझ्या कपात धुवायची नाहीत." बाकी तिने सगळं करून बघितलं. नारळाच्या दुधातला शिरा चांगला झाला. शेंगदाण्याच्या दह्याची कढी फुटली नाही, कारण फुटायला ती आधी जुळावी लागते, ती जुळलीच नाही.

तर असा हा मामा. पावसाळा संपला होता. मामा सकाळचा चालायला निघाला आणि तबेल्याबाहेर, शेणाच्या ढिगाशेजारी, त्याला एक रेडकू पडलेलं दिसलं. इतकं बारीक, की आधी त्याला ते ओलं पोतं वाटलं. पोत्याने कान हलवला.

"चाचा, याला काय झालं?"

"कुछ नहीं सर जी. पाड़ा है."

चाचाचा आवाज काढायला तोंडात तंबाखू आहे असं समजायचं आणि बोलताना दुसरीकडे बघायचं. चाचा वाईट माणूस नाही. रेडा दूध देत नाही, आणि तो दूध पिणार ते गिऱ्हाईकाचं. एवढा साधा हिशोब त्याने पाठच केलेला आहे.

"मग याचं काय होणार?"

"जो ऊपरवाला चाहे."

"मुळात," मामा म्हणाला, "वरच्याला मध्ये आणू नका. मी नेतो याला."

चाचाने पहिल्यांदा मामाकडे सरळ बघितलं. "ले जाओ. पर सर जी, आप तो दूध छोड़ दिए. अब सीधा भैंस ले जा रहे हो?"

रेडकू रिक्षातून आलं. रिक्षावाला म्हणाला, "सीट घाण झाली तर?" मामा म्हणाला, "मुळात तो फार शांत स्वभावाचा आहे." तो शांत होताच. अगदी शांतपणे त्याने सीट, मामाची ट्रॅकपँट आणि रिक्षावाल्याचा टॉवेल अशी तिन्ही कामं उरकली.

पार्किंगमध्ये, आमच्या स्कूटरशेजारी, त्याचा मुक्काम झाला. मामी खाली आली, पदर नाकाला लावला, बघितलं, आणि गोणपाट आणायला गेली. मामा मात्र वर गेला आणि त्याच्या जगातली सगळ्यात भारी वस्तू घेऊन आला. बदामाचं दूध. रात्रभर भिजवलेले बदाम, साल काढून, वाटून, मलमलच्या फडक्यातून गाळलेलं. लहान बाळाच्या बाटलीत भरून त्याने ते रेडकाच्या तोंडात दिलं.

रेडकाने एक घोट घेतला. विचार केला. आणि शिंकलं. सगळं मामाच्या चष्म्यावर.

"त्याला विचारलंत का," मामी म्हणाली, "तो व्हीगन आहे का ते?"

"मुळात यात कॅल्शियम..."

"अहो, तो म्हशीचा मुलगा आहे! बदामाच्या झाडाचा नाही!"

मामा हट्टाला पेटला. बदामाचं नको तर सोयाचं देऊ. सोयाचं मात्र रेडकू प्यायलं, भुकेपोटी सगळं प्यायलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला अशी हगवण लागली की मान टाकून पडलं. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी बाटली हुंगली, मग मामाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हशीचं दूध द्या. नाहीतर हे राहायचं नाही."

मामाच्या तोंडून 'मुळात'सुद्धा नाही. तो त्या रेडकाच्या कानामागे खाजवत बसला. ते जगलं पाहिजे, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्या वेळी त्याची नक्कल करावीशी मलासुद्धा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा किटली घेऊन तबेल्यात उभा. मान खाली, टोपी डोळ्यांवर. दारूच्या दुकानासमोर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणूस जसा उभा राहतो, अगदी तसा.

"आ गए?" चाचा म्हणाला.

"माझ्यासाठी नाहीये."

"हां हां. सब यही बोलते हैं."

रेडकू ते दूध ढुशा मारत प्यायलं. आठवडा सरेपर्यंत उभं राहिलं, मग पार्किंगमध्ये उड्या मारायला लागलं. मामा मात्र किटली घेऊन परतताना रोज जास्त वाकलेला दिसायचा. मामीने विचारलं तर म्हणाला, "याला पाजतोय ते कुणाच्या तरी तोंडचंच आहे ना. तिथे दुसरं दोर ताणून उभंच आहे." मामीने त्या दिवशी टोमणा मारला नाही. पण सोसायटीने मारला. एका स्कूटरची सीट चघळलेली निघाली, तेव्हा सेक्रेटरींनी मामाला सांगितलं, "श्रीनाथराव, रविवारपर्यंत याची व्यवस्था करा. नाहीतर आम्ही तबेलेवाल्याला बोलावून परत देऊ." परत म्हणजे कुठे, ते सगळ्यांना माहीत होतं. तोच शेणाचा ढीग.

कॉलेजचं मैदान साफ करायला दिघाशीहून माणसं येतात, त्यात धाकल्या म्हणून एक आहे. मामाचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "सायब, आमची म्हस व्यायली, तिचा रेडकू मेला. आता पान्हाच सोडत न्हाय. गंगू बसली का लाथ मारते." गंगू म्हणजे त्याची बायको. "तुझा आन, बघू. घेतला जवळ तर घेतला."

"आणि नाही घेतला तर?"

धाकल्या हसला. "मंग गंगू तुला लाथ मारंल."

भाजीचा टेम्पो रिकामा गावाकडे परतत होता. त्यात मागे रेडकू, मामा, मी आणि "मला फक्त बघायचंय" म्हणत निघालेली मामी. दिघाशीला गंगू कमरेवर हात ठेवून वाटच बघत होती. तिचा आवाज काढायला आधी डोंगराच्या पलीकडे कुणीतरी बहिरं उभं आहे असं समजायचं.

"हा? हा रेडकू हाय का मांजर?"

"मुळात तो आजारातून उठलाय," मामा म्हणाला.

गंगूने रेडकाच्या पाठीला मीठ चोळलं आणि म्हशीपुढे उभं केलं, म्हणजे म्हैस चाटेल, चाटलं की आपलं मानेल. म्हशीने मीठ चाटलं. सगळं चाटलं. मग रेडकाला डोक्याने असं ढकललं की ते थेट मामीच्या साडीवर.

"खारट खाऊन बाजूला झाली, आमच्या नणंदेसारखी," मामी म्हणाली. तिची नणंद म्हणजे माझी आई.

वास तरी तिला आपला वाटावा म्हणून धाकल्याने म्हशीचंच शेण रेडकाला चोळून बघितलं. म्हशीने लाथ झाडली. मग मामा स्वतः पुढे झाला, म्हशीच्या गळ्याखाली खाजवायला लागला आणि तिच्याशी ऑफिसच्या भाषेत बोलायला लागला, "हे बघा, तुमची अडचण मी समजू शकतो. पण या विषयात आपण थोडं सहकार्य केलंत तर..." म्हशीने डोळे मिटले. सहकार्यामुळे की खाजवण्यामुळे, ते तिचं तिला माहीत. आणि तेवढ्यात, कुणीही न शिकवता, आमचं रेडकू मागून गेलं, तिच्या दोन पायांच्या मधून डोकं घातलं आणि चुपचुप आवाज यायला लागला. म्हैस दचकली. पाय उचलला. आम्ही सगळे थिजलो. मग तिने तो पाय हळूच खाली ठेवला.

"सोडला, पान्हा सोडला!" गंगूचा आवाज बहुतेक गणेशपुरीपर्यंत गेला.

मामाचा चष्मा धुरकट झाला होता. पुसता येत नव्हता, कारण हात म्हशीच्या गळ्यात.

"आता ऐक सायब," गंगू म्हणाली. "दूध आमी काढनार. म्हस आमची हाय."

मामा म्हणाला, "याचं पोट भरल्यावर."

"दोन सड त्याचे, दोन आमचे."

"तीन त्याचे."

"सायब, तो रेडा हाय, राजा न्हाय! आनि मोठा झाला का मानेवर जू ठेवनार. भाताच्या चिखलात चालवनार."

"काम?" मामा कळवळला. "काम नाही करायचं त्याने!"

"मंग काय, कॉलेजात घालू? तुझ्या हापिसात बसवू?"

"तिथे बसलाय एक," मामी म्हणाली.

मामाने रेडकाकडे बघितलं. त्याची फक्त शेपटी दिसत होती, आनंदाने गोल गोल फिरणारी. हेडफोनमधल्या माणसाने या प्रसंगासाठी काही सांगून ठेवलेलं नसावं. मामाने म्हशीच्या गळ्याखालचा हात काढून चष्मा पुसला. मग म्हणाला, "चालव. पण मारायचं नाही. आणि उन्हात नाही. आणि विकायचं नाही. मी येऊन बघणार."

"ये की. येताना पेंड आन," गंगू म्हणाली. "बस आता. म्हशीच्या दुधाचा चहा करते. आज न्हाय बोललास तर म्हशीला वाईट वाटंल."

आम्ही मामाकडे बघितलं. मामाने मामीकडे बघितलं. मामीने आभाळाकडे बघितलं. गंगू भांडं घेऊन म्हशीखाली बसली, एक सड ओढला, दुसरा ओढला, वाकून बघितलं आणि किंचाळली, "मेल्या! चारी सुकवले!"

रेडकू बाजूला झालं होतं. तोंडाला फेस, पोट ढोलकीसारखं, पाय चार दिशांना.

सगळ्यांना कोरा चहा मिळाला, गूळ घातलेला. धाकल्या खोकला येईस्तोवर हसला. मामीने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी संपवला. मामाने दुसरा कप मागितला.

"उद्यापासनं दोन सड बांधून ठेवनार," गंगू कप आपटत म्हणाली.

"एक," मामा म्हणाला.

"दोन!"

"मुळात, गंगूबाई..."

"मूळ तुझ्या घरी! दोन!"

टेम्पोवाला हॉर्न देत होता. मामा एक बोट वर करून उभा होता आणि जागचा हलत नव्हता.