गाण्यांचा रतीब

आमच्या घरात दोन पक्ष होते. माझा पक्ष म्हशीचा आणि बायकोचा रतिबाचा. भांडण गाण्यांचं होतं, पण पहिल्याच दिवशी ते दुधावर गेलं आणि नावं कायमची चिकटली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मेन रोडच्या एका बोळात कॅसेट भरून देणारा दुकानदार होता. त्याला कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची आणि चार-पाच दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. यादी वाचताना त्याचा चेहरा रक्ताचा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा व्हायचा. एखाद्या गाण्यावर पेन्सिल टेकवून तो म्हणायचा, "साहेब, ह्याच्या पाठोपाठ हे नको. जेवणात बासुंदीनंतर लोणचं वाढल्यासारखं होतं." मी मान डोलवायचो आणि बासुंदीनंतर लोणचंच भरून घ्यायचो. लोखंडी कपाटाचे तीन कप्पे मी असे भरले. प्रत्येक कॅसेटला क्रमांक, प्रत्येक डबीत माझ्या अक्षरातली यादी. कोणी चुकून वर दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या मागचे दोन प्लॅस्टिकचे कान मी स्वतःच्या हाताने तोडायचो. हा समारंभ मी पाहुण्यांसमोरही करत असे.

बायकोने कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कॅसेट लायब्ररीत नाव घातलं होतं. महिन्याची वर्गणी भरायची, एका वेळी दोन कॅसेट आणायच्या, ऐकून परत करायच्या.

"अहो, दूध प्यायला कोणी म्हैस बांधतं का आता?" ती म्हणायची. "रतीब लावला की झालं. वैरण नको, शेण नको."

"आणि गवळी आला नाही तर?"

"दुसरा लावायचा."

"त्याच्याकडे आपल्याला हवं तेच नसेल तर?"

"असं काय आहे तुमच्याकडे, जे जगात कोणाकडे नाही?"

ह्या प्रश्नाला पुढे माझ्याकडे एक उत्तर आलं. सात नंबरच्या कॅसेटची ब बाजू, शेवटची पाच मिनिटं.

माझे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते. मान खाली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं आणि बोलणं टिपणीतल्यासारखं, एका वाक्यात एकच मुद्दा. पण हा माणूस शीळ घालायचा. साधीसुधी नाही, जुनी नाट्यपदं ताना-हरकतींसकट, मुखड्यापासून समेपर्यंत. घरात मात्र बंदी होती. शीळ घातली की साप येतो, असं आईचं ठाम मत होतं. तिसऱ्या मजल्यावर साप कसा चढेल, हे अण्णांनी तिला एकदाच विचारलं. उत्तर असं मिळालं, की पुढे त्यांनी शीळ फक्त स्कूटरवर आणि गच्चीवर घातली.

गच्चीवर त्यांची वर्षातून एकदा नेमणूक व्हायची. उन्हाळ्यात आई साड्यांवर कुरडया वाळत घाले आणि चिमण्या हाकलायला अण्णांना छत्री घेऊन बसवे. अशाच एका रविवारी मी टू-इन-वन टेपमध्ये कान अजून न तोडलेली सात नंबर घातली, टेप पाण्याच्या टाकीमागे लपवला, लाल बटण दाबलं आणि खाली आलो. पाच मिनिटं भरली. अण्णांची शीळ, भोवती चिमण्यांचा कलकलाट, मधे एकदा कावळ्याला "हाड", आणि पुन्हा जिथे सोडली तिथूनच शीळ.

ऐकवली तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकली. म्हणाले, "ठीक आहे. अंतऱ्यात एके ठिकाणी सूर उतरलाय." जरा थांबून, "तो कावळ्यामुळे."

त्यानंतर काही वर्षांनी अण्णांचे दात गेले. हिरड्यांचा जुना आजार होता, डॉक्टरांनी एकेक करत सगळे काढले आणि कवळी बसवली. कवळी लावून ते शीळ घालायला गच्चीवर गेले. मी जिन्यात उभा होतो. त्यांच्या तोंडातून नुसती हवा आली. कवळी काढून पाहिली, तरी हवाच. समोर चिमण्या कुरडया खात होत्या आणि एकही उठली नाही. अण्णांनी छत्री मिटली आणि खाली येऊन आईला सांगितलं, "आता साप यायची भीती नाही."

तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की ते खुर्चीत बसून म्हणायचे, "सात नंबर लाव." पाच मिनिटं ऐकायचे आणि झोपायचे. बाकीच्या कपाटाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माझी सगळी म्हैस त्या पाच मिनिटांसाठी उभी होती, हे मला कळत होतं. मी मात्र बायकोला संपूर्ण गोठा दाखवत असे.

पण कॅसेटही म्हातारी होते. सात नंबर दोनदा अडकली, दोनदा पेन्सिलीने गुंडाळून सोडवली, आणि शीळ मधेच पाण्याखालून आल्यासारखी वाटू लागली. म्हणून दोन हजार सालानंतर मी सुट्या भागांतून जुळवलेला कॉम्प्युटर घेतला, टू-इन-वनपासून त्याच्यापर्यंत वायर टाकली आणि कॅसेट आत भरायला बसलो. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तिथे लाच चालत नाही. सात नंबरने मुहूर्त केला. पुढे पावणेदोन वर्षं संध्याकाळी भाजी निवडावी तशी मी गाणी निवडत होतो. काम संपलं तेव्हा बायकोला हात धरून समोर बसवलं.

"दोन प्रती आहेत," मी म्हणालो. "एक 'गाणी' नावाच्या कप्प्यात, एक 'गाणी सुरक्षित' नावाच्या कप्प्यात."

"दोन्ही ह्याच डब्यात?"

"अगं, कप्पे वेगळे आहेत."

तिने एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. हे मी मान्यता म्हणून नोंदवून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे आता कपाट रिकामं होईल ना?"

ते झालंही. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर दिंडोरीकडे. दाजींची द्राक्षबाग होती. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरलं की पाखरं तुटून पडतात, आणि त्यावर तिकडचा उपाय म्हणजे कॅसेटची पट्टी. ओळींच्या वरून, ह्या लोखंडी अँगलच्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधायची. उन्हात चमकते, वाऱ्यावर भुणभुणते, पाखरं बिचकतात. दाजी भंगारात पट्टी शोधत हिंडत होते आणि माझ्याकडे तीन कप्पे होते. मी स्वतः गोणीत भरून दिल्या. सात नंबर हातात घेऊन क्षणभर थांबलो, हेही खरं आहे. पण ती आत होती, दोन ठिकाणी सुरक्षित, आणि उदार माणसाने हात आखडता घेऊ नये अशी मला त्या दिवशी झिंग होती. तीही गोणीत टाकली.

पुढचा दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. अण्णांची पेनं, आईचं शिलाई मशीन, विळी, स्कूटर. त्या वर्षी मी कॉम्प्युटर पुजायचं ठरवलं. नुसता डबा पुसून झेंडूचा हार घातला असता तर आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण मी झाकण उघडलं आणि आतली हार्ड डिस्क सोडवून पाटावर ठेवली.

"डबाच पुजा ना," बायको म्हणाली. "आतलं कशाला काढता?"

"दागिना पुजतात की दागिन्याची डबी?"

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते आईला जाऊन पुन्हा ऐकवलं. मग डिस्कची हिरवी, नक्षीदार बाजू वर केली, कारण ती जास्त सुंदर होती. फुलाने पाणी शिंपडलं, ओलं गंध लावलं, अक्षता वाहिल्या. दुसऱ्या बाजूला एक बारीक भोक होतं, भुवयांच्या मधे असावं तसं. तिथे बोटाने ठसठशीत हळदकुंकू भरलं. ते भोक झाकू नये अशी सूचना शेजारीच छापलेली होती. ती मी नंतर वाचली.

दसऱ्याच्या दिवशी डिस्क परत बसवून बटण दाबलं. टक टक टक, मग थोडा जळका वास, मग काही नाही.

दुरुस्तीवाल्याने ती हातात घेऊन दिव्याखाली धरली. उलटी करून पाहिली. मग म्हणाला, "काका, शॉर्ट झालेल्या पाहिल्यात, पडलेल्या पाहिल्यात. सवाष्ण पहिल्यांदाच पाहतोय."

"गाणी निघतील का?"

"पाठवून बघू. आशा ठेवू नका."

महिन्याभराने डिस्क परत आली. हळद निघाली होती, बाकी काहीच निघालं नव्हतं.

त्याआधीच, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, अण्णा जेवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सात नंबर लाव."

"कॉम्प्युटर दुरुस्तीला दिलाय, अण्णा."

"बरं."

त्याच दुपारी मी स्कूटर काढून दिंडोरी गाठली. दाजींच्या बागेत छाटणी चालू होती. कात्र्यांची कचकच, खाली काड्यांचे ढीग, आणि ढिगांत गुंतलेली काळी पट्टी.

"दाजी, ती पट्टी..."

"लय भारी निघाली, भाऊ. एक पाखरू फिरकलं नाय."

"सात नंबरची कोणत्या ओळीत बांधली?"

दाजींनी मजुरांकडे पाहिलं, मजुरांनी माझ्याकडे. "पट्टीला नंबर असतोय का? आन् मागच्या हंगामाची हाय ती. पावसाळा खाल्लाय तिनं. काय हुतं तिच्यात?"

मी म्हणालो, "गाणी."

"मग दुसरी भरून घ्या की. गाण्याला काय तोटा हाय?"

शेडमध्ये एका गोणीत रिकामे सांगाडे होते. त्यात सात नंबर सापडली. माझं अक्षर, तोडलेले कान, आत दोन रिकामी चाकं. ती खिशात घातली. बांधाकडच्या दोन ओळी अजून छाटायच्या होत्या. तिथे वर पट्टी शिल्लक होती, उन्हाने पांढुरकी पडलेली. वारा आला की एकाच सुरात भुणभुणायची. मी एकेका ओळीखाली कान देऊन उभा राहिलो. नाटकीपणा माझ्या अंगात आहे, पण त्या दिवशी मी तो करत नव्हतो. दाजी लांबून पाहत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, घरी चला, चहा टाकलाय."

दुसरा रविवार, तिसरा रविवार. "झाला का दुरुस्त?" "नाही अण्णा." बायकोने तिच्या मोबाइलवर तेव्हा नवीन रतीब लावला होता. एक नंबर फिरवायचा, भक्तिगीतांसाठी एक दाबा, नाट्यगीतांसाठी तीन दाबा, आणि फोन कानाला लावून ऐकत बसायचं. तिने खटाटोप करून तेच नाट्यपद शोधलं आणि फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांनी सभ्यपणे पूर्ण ऐकलं आणि फोन परत दिला.

"हा गातोय," ते म्हणाले. "चांगला गातोय."

स्वयंपाकघरात आल्यावर ती मला म्हणाली, "तुमची म्हैस मेली आणि माझ्या गवळ्याकडे हे दूध नाही. आता काय करता?"

मी तेच केलं जे माझ्यासारखा माणूस करतो. आठ दिवस स्कूटरवर, हेल्मेटच्या आत, ते पद शिळेवर बसवलं. शीळ मला बरी येते, ती अण्णांकडूनच आली. मेन रोडवरून कोरी कॅसेट आणली. भरून देणारं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं मिळत होती. गच्चीवर गेलो, टाकीमागे टू-इन-वन ठेवला आणि पाच मिनिटं शीळ घातली. मधे "हाड" म्हटलं, अण्णांच्या आवाजात. अंतऱ्यात त्या एका ठिकाणी सूर मुद्दाम उतरवला. मग खाली येऊन सात नंबरच्या सांगाड्याचे स्क्रू काढले आणि नवी पट्टी जुन्या कवचात बसवली. माझं अक्षर, तोडलेले कान, सगळं जिथल्या तिथे. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर म्हणालो, "अण्णा, दाजींकडे मूळ कॅसेट सापडली." आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, अक्षरावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. बायको दारात उभी होती. मी बटण दाबलं.

पाच मिनिटं अण्णा डोळे मिटून बसले. "हाड" आलं तेव्हा ओठ जरासे हलले. सूर उतरला तेव्हा भुवई उचलली गेली, नेहमीसारखीच. कॅसेट थांबली. मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो.

"ठीक आहे," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "यात चिमण्या नाहीत."

चिमण्या कुठून आणणार होतो? आमच्या गच्चीवर त्या येऊन किती दिवस झाले, हे मी मोजलंच नव्हतं. आई थकली आणि कुरडया थांबल्या, मग चिमण्याही थांबल्या असाव्यात. त्या शीळ भरताना मला आठवल्यासुद्धा नव्हत्या.

अण्णा उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, कचेरीत हाताखालच्या माणसाने खाडाखोड करून बिल जुळवून आणल्यावर ठेवत असतील तसा. आतल्या खोलीत जाऊन झोपले.

त्यानंतर ते बरीच वर्षं होते. पण सात नंबर त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. रविवारी जेवण झालं की खुर्चीकडे न जाता ते सरळ आत जायचे. बायकोच्या रतिबाचा तो नंबरही पुढे बंद पडला. फिरवला की एक बाई गोड आवाजात सांगायची, ही सेवा आता उपलब्ध नाही. कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर क्रमांक सात आहे आणि आत मी आहे.